डाव्या कोपऱ्यातली धूळ

“डावीकडून धर गं, हेझल. आधी डावा कोपरा.”

आईचा हा आवाज अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. कपाटात कमरेपर्यंत शिरलेल्या बाईचा, म्हणून डब्यातून आल्यासारखा. मी नऊ वर्षांची, हातात पिळलेलं फडकं, आणि आमची पहिली कॅरव्हॅन समुद्राकाठच्या गवतावर उभी. मोटारीमागे जोडून न्यायचं ते घर; दोन चाकांवर चूल, बिछाने, मोरी, सगळं. आई हल शहरातल्या कारखान्यात अशाच घरांच्या गाद्यांना खोळी शिवायची. जन्मभर लोकांच्या खोळी शिवून झाल्यावर एक जुनी कॅरव्हॅन तिनं स्वतःसाठी घेतली, आणि ती पुसताना म्हणायचं गाणंही तिनंच रचलं:

डावीकडून धर, उजवीला सर,
माथ्यावरून धर, पायथ्याला उतर;
पाणी चिमूटभर, फडकं पिळून,
ओल येते चोरून, घर जाते गिळून.

हे गाणं मी पुढे कुणाला दिलं नाही. मुलगा हॉटेलात उतरणारा निघाला. आणि क्लिफर्डला, माझ्या नवऱ्याला, ते द्यायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे कॅरव्हॅनची वाटणी लग्नाच्या वाटणीइतकी पक्की: आतलं माझं, बाहेरचं त्याचं. छप्पर धुणं, चाकांत हवा, मोटारीला जोडणं, ओढून नेणं, अरुंद फाटकातून उलटी घालणं हे त्यानं करायचं. गाद्या, पडदे, कपाटं, मोरी, बुरशी, वास हे माझं. चौतीस वर्षांत त्यानं आत येऊन फडकं उचललं नाही, आणि मी बाहेर जाऊन जोडायच्या हुकाला हात लावला नाही. बाहेरून तो खिडकीवर टकटक करायचा, आतून मी चहाचा कप पुढे करायचे. आमचं प्रेम म्हणाल तर त्या खिडकीतून चालायचं.

दर ऑक्टोबरात आम्ही कॅरव्हॅन हॉर्न्सी गावाच्या अलीकडे एका शेतावर हिवाळ्यासाठी ठेवतो. तिला झोपवायची माझी रीत ठरलेली आहे. गाद्या भिंतीपासून सुटवून कडेवर उभ्या करायच्या. सगळी कपाटं उघडी. फ्रिजच्या दारात घडी घातलेला रुमाल, म्हणजे ते मिटत नाही. मोरीला बूच, नाहीतर नळीतून कोळी वर येतात. कोळ्यांसाठीच चार कोपऱ्यांत रानचेस्टनटच्या तपकिरी बिया. आणि चार वाडग्यांत मीठ. हिवाळाभर हवेतली ओल ते मीठ पीत राहतं. मार्चमध्ये दार उघडावं तर वाडग्यात मिठाचा चिखल झालेला असतो, आणि नाकाला येतो बंद घराचा वास, जुन्या लोकरीसारखा. त्या वासाची मी वाट बघते. तो आला म्हणजे मधे कुणी आलं नाही, घर माझ्यासाठीच झोपून राहिलं.

या मार्चमध्ये तो वास आला नाही.

मी एकटीच गेले होते. बुधवार होता. क्लिफर्डला सकाळी म्हटलं, “ईस्टरला दहा दिवस राहिले. मी आतलं उरकून येते.”

तो चहात बघत म्हणाला, “एवढी काय घाई?”

“दर वर्षी याच आठवड्यात करते.”

“शनिवारी जाऊ की दोघं.”

“तुझा गुडघा?”

“गुडघ्याला काय झालंय?”

“क्लिफ, तो तुझाच गुडघा आहे. मला काय विचारतोस?”

गुडघ्याची गोष्ट नोव्हेंबरातली. त्याच्या बहिणीकडून येत होतो. गाडी तो चालवत होता, मी शेजारी. बोलता बोलता मध्येच त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिला. चेहरा पिठासारखा. म्हणाला, गुडघा धरला, तू चालव. तेव्हापासून गाडी मीच चालवते आहे. ईस्टरपर्यंत होईल ठीक, असं तो म्हणायचा. कॅरव्हॅन ओढायला तर तोच हवा. मी ती कधी ओढली नाही.

तर बुधवारी मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. आत लिंबाचा वास होता. लिंबाचा आणि व्हिनेगरचा.

कुलूप धड होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्या हातात, दुसरी घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. मी बादली खाली ठेवली आणि पहिल्या वाडग्याशी गेले. मीठ कोरडं. पांढरं, मोकळं, कालच ओतल्यासारखं. दुसरा वाडगा, तिसरा, चौथा, सगळीकडे तेच. गाद्या उभ्या होत्या, पण खोळींची चेन भिंतीकडे करून. मी ती नेहमी माणसाकडे ठेवते. चेस्टनटच्या बिया चारही होत्या, पण चारही उजव्या कोपऱ्यांत, दोन-दोन करून. डाव्या कोपऱ्यांत एकही नाही.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. चोर येतो तो नेतो. मीठ बदलून जात नाही. कुणीतरी इथं येऊन घर करत होतं.

मग मी खिडक्या पाहिल्या. या खिडक्या काचेच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात. त्यांना काचेचं औषध लागलं की त्या धुरकटतात. कुणीतरी लावलं होतं. गोल गोल घासून चकाकवलं होतं. पण पूर्ण नाही. प्रत्येक खिडकीच्या डाव्या कडेला चार बोटं रुंद पट्टी तशीच सोडलेली, हिवाळ्याच्या धुळीसकट. टेबल पुसलेलं, डावी कड तशीच. कपाटाच्या फळ्या पुसलेल्या, डाव्या एक-तृतीयांश भागात धूळ. मी एकेक फळी बोटानं तपासत गेले. बोट उजवीकडून स्वच्छ निघायचं आणि डावीकडे जाऊन मळायचं.

आईनं हिला पाहिलं असतं तर फडकं हिसकावून घेतलं असतं. सुरुवातच डावीकडून करायची असते.

‘हिला’. मी मनात ‘हिला’ म्हटलं आणि टेबलाशी बसले.

मला त्या क्षणी एवढंच कळायला हवं होतं: हे आतलं घर अजून माझं आहे की नाही. चौतीस वर्षांनी नवरा किल्ली दुसऱ्या बाईच्या हातात देतो का? आणि दिली असेल तर ईस्टरला मी कुणाच्या घरात निजणार आहे?

उत्तर मोरीजवळच्या कपाटात होतं. निळा पत्र्याचा डबा, झाकणावर कोकरांचं चित्र. आत लिंबाच्या केकचे दोन तुकडे. हा डबा इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तो थेल्माचा.

थेल्मा आमची शेजारीण, म्हणजे शेतातली. तिची कॅरव्हॅन आमच्या शेजारी उभी असते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता ती कॅरव्हॅन ओढत नाही, पण रोज येऊन तिच्यात बसते, रेडिओ लावते, विणते. केक ती बरा करते. क्लिफर्डला तो आवडतो, हे मी सहा वर्षं हसून सांगत आले होते.

डबा घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले.

“अगं बाई, हेझल!” ती म्हणाली. “ये ना आत. पाय पूस.”

“तुझा डबा.”

“हो गं, माझाच. संपला का केक?”

“दोन तुकडे आहेत. माझ्या कपाटात होता, थेल्मा. माझ्या.”

तिनं विणकाम खाली ठेवलं. सुया एकमेकींवर नीट जुळवून ठेवल्या, वेळ घेऊन.

“दर मंगळवारी येतो तो,” ती म्हणाली. “मला वाटलं तुला माहीत असेल. मग वाटलं, नसेल.”

“मंगळवारी तो क्लबात असतो. चेंडू घरंगळवायचा तो खेळ खेळायला.”

“असेल बाई. मग बसनं येणारा तो कुणी दुसरा असेल.”

“बसनं?”

“दहाच्या बसनं येतो, दोनच्या बसनं जातो. मोटार नाही आणत.”

मोटारीच्या मैलांचा आकडा मी बघेन म्हणून, असं माझ्या मनानं लगेच उत्तर दिलं. संशयाला उत्तरं फार पटापट सुचतात. “आणि तू त्याला चहा देतेस.”

“देते. उपाशी ठेवू?”

“खिडक्यांना काचेचं औषध कुणी लावलं?”

थेल्मा एकदम हसली, मग हसू गिळलं. “मी सांगितलं होतं नको लावू म्हणून. ऐकतो कुठं?”

“काय चाललंय, थेल्मा?”

“हे बघ,” ती उठली आणि माझ्या हातातला डबा घेतला. “मी शब्द दिलाय. आणि दर मंगळवारी त्याला सांगते, हेझलला सांग, हेझलला सांग. आता तूच विचार. मला तोंड उघडायला लावू नकोस, राणी, मला ते मग मिटता येत नाही.”

“तुझ्या वयाला शोभत नाही हे.”

“माझ्या वयाला?” तिचे डोळे बारीक झाले, आणि मग रागाच्या जागी काही दुसरंच आलं, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. “अगं वेडे,” ती म्हणाली. “माझ्या वयाला केक शोभतो. जा घरी.”

घरी मी विचारलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. ओल शोधायची असते तेव्हा भिंत फोडत नाहीत. बोटानं दाबत दाबत जातात. जिथं मऊ लागतं तिथं थांबतात.

म्हणून मी सहा दिवस दाबत राहिले.

जेवायला खिमा आणि कुस्करलेला बटाटा केला, शेजारी मटार. त्यानं खिमा संपवला, बटाटा संपवला. ताटाच्या डाव्या बाजूचे मटार जसेच्या तसे. “भूक नाही?” मी विचारलं. “झालं की सगळं,” तो म्हणाला. केक खाल्ला की मटार कशाला गोड लागतील? स्वयंपाकघरात ओट्याशी मी उभी, तो शेजारून गेला, आणि माझ्याकडे मानही वळवली नाही. एकदा नाही, दोनदा. चौतीस वर्षांत हा माणूस माझ्या शेजारून खांद्याला हात लावल्याशिवाय गेलेला नव्हता. रविवारी चर्चमधून निघताना दाराच्या खांबावर डावा खांदा आपटला आणि खांबालाच “माफ करा” म्हणाला. लोक हसले. मी हसले नाही; माझ्या मनात आलं, याचं लक्षच इथं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी सहज म्हटलं, “थेल्मा भेटली होती शेतावर.”

वर्तमानपत्र हललं नाही. “कशी आहे?”

“तशीच. बोलघेवडी.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. तिला म्हणे तोंड मिटता येत नाही, म्हणून उघडत नाही.”

वर्तमानपत्राचं पान काही उलटलं नाही.

“उद्या क्लब?” मी विचारलं.

“हो. उद्या क्लब.”

खिळ्यावरची किल्ली मंगळवारी सकाळी नव्हती.

मी मोटार काढली आणि शेताच्या मागच्या बाजूला, गवताच्या कोठाराआड उभी केली. दहाची बस वेळेवर आली. क्लिफर्ड उतरला. हातात कापडी पिशवी. एकटाच. रस्ता ओलांडताना त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली, पुन्हा वळवली, म्हाताऱ्या घुबडासारखी, तेव्हा कुठे पाऊल टाकलं. मला वाटलं, कुणी पाहतंय का ते बघतोय. गल्लीतून येताना तो डाव्या कुंपणाला घासत चालत होता आणि काटे बाहीत अडकले की थबकत होता. थेल्माच्या दाराशी थांबलासुद्धा नाही. सरळ आमच्या दाराशी गेला, किल्ली काढली आणि आत शिरला.

मी पाच मिनिटं थांबले. थेल्मा तिच्या खिडकीत विणत होती. तिनं मला कोठाराआडून येताना पाहिलं, आणि सुया थांबवून फक्त मान हलवली: जा.

मी कॅरव्हॅनच्या पुढच्या मोठ्या खिडकीशी गेले. बोलायचं ते सगळं ओठांवर जुळवून ठेवलं होतं. तोंडासमोर जाऊन उभी राहीन, तो दचकेल, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसेल. मग विचारायला काही उरणार नाही.

आत तो एकटा होता. माझा फुलाफुलांचा अॅप्रन बांधलेला, बाह्या दुमडलेल्या. खिडकीशी येऊन त्यानं फडकं पिळलं, दोनदा पिळलं, आणि पुसायला लागला. औषध नव्हतं या वेळी. नुसतं पाणी, वरून खाली. ओठ हलत होते. काहीतरी म्हणत होता. मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. आमच्यामध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा आणि त्याच्यापलीकडे एक हात अंतर. त्यानं माझ्या दिशेला पाहिलं.

आणि पुसत राहिला.

मी हात वर केला. तो पुसत राहिला. मी खिडकीच्या अगदी जवळ गेले, इतकी की माझ्या श्वासाचं धुकं त्यावर उमटलं. त्याचं फडकं उजवीकडून आलं, मध्यापर्यंत आलं, मध्याच्या थोडं पुढे आलं, आणि माझ्या चेहऱ्यापाशी थांबून परत फिरलं. मी त्या न पुसलेल्या चार बोटांच्या धुळीमागे उभी होते.

आधी राग आला. इतका की कान तापले. बायको समोर उभी आहे आणि हा माणूस तिच्या आरपार, हवेतून बघावं तसा बघतो आहे! मग त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. ते टाळत नव्हते. टाळणारे डोळे मला माहीत आहेत, ते आधी भिडतात आणि मग सरकतात. हे भिडलेच नव्हते.

मी एक पाऊल बाजूला सरकले, माझ्या डावीकडे. मग आणखी एक.

दुसऱ्या पावलाला त्याच्या हातातलं फडकं पडलं.

मी दाराकडून आत गेले. तो तसाच उभा, अॅप्रनला हात पुसत. टेबलावर नव्या मिठाचं पाकीट, आणि पावतीच्या मागच्या बाजूला त्याच्या अक्षरात, मोठ्या मोठ्या अक्षरात, आईच्या गाण्याच्या तीन ओळी. चौथी त्याला आठवली नसावी.

“हे तू कुठून शिकलास?” मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“चौतीस वर्षं बाहेरून ऐकतोय,” तो म्हणाला. “भिंती पातळ आहेत, पोरी.”

“मग पहिली ओळ काय आहे?”

“डावीकडून धर.”

“आणि तू काय करतोस?”

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट डाव्या कडेच्या धुळीवर टेकवलं. बोट मळलं. त्यानं ते डोळ्यांसमोर धरलं, मान वळवून त्या पट्टीकडे पाहिलं, मग पुढच्या खिडकीकडे, मग टेबलाच्या कडेकडे. एकेक करून. एखाद्याला आपल्याच घरातल्या ओलीचे डाग दाखवावेत तसा तो बघत गेला.

“सगळीकडे?” त्यानं विचारलं.

“सगळीकडे. बियासुद्धा उजवीकडेच ठेवल्यास.”

“मला वाटलं होतं झकास झालंय,” तो म्हणाला आणि बसला. गादीची चेन अजून भिंतीकडेच होती. मी ती फिरवली नाही.

“मला वाटलं थेल्मा आहे,” मी म्हटलं.

“थेल्मा?” तो खरोखर हसला. “ती मला फडकंसुद्धा धरू देत नाही. म्हणते, तू पिळतोस की गळा दाबतोस?”

“क्लिफ. शनिवारी मोटारीला कॅरव्हॅन जोडायची आहे.”

“हो.”

“कोण ओढणार आहे?”

बाहेर शेतकऱ्याचा कुत्रा भुंकून थांबला. क्लिफर्डनं अॅप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला, आणि न सोडताच पुढे आणला.

“तू,” तो म्हणाला. “बाहेरचं आता तुझं, हेझल. म्हणून म्हटलं आतलं शिकून घ्यावं आणि मग सांगावं. रिकाम्या हातानं कसं सांगायचं? डोक्यात एक रक्ताची गाठ येऊन गेली, बारीकशी, हलच्या इस्पितळात म्हणाले. डावीकडचं दिसणं गेलंय, दोन्ही डोळ्यांतलं. परत यायचं नाही. गाडीला हात लावायचा नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही.”

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला.

“बहिणीकडून येत होतो ना, त्या दिवशी,” तो म्हणाला. “तू शेजारी बोलत होतीस, पडदे धुवायचं काहीतरी. मी तुझ्याकडे वळून पाहिलं तर सीट रिकामी. आवाज येत होता, आणि तू नव्हतीस. मी गाडी बाजूला घेतली ती म्हणून. मग तू उतरलीस, पुढून फिरून आलीस, चालवायला उजवीकडे बसलीस, आणि मला परत दिसलीस. एवढंच सांगायचं राहिलं होतं.”